कर्नल बदलला आणि वायफाय गेलं? आधी जुना कर्नल सुरू करा

लिनक्सच्या अपडेटमध्ये कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बदलला, मशीन रीस्टार्ट केलं आणि कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हच गायब. माझ्या लॅपटॉपवर हे झालं तेव्हा मी तासभर ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढत आणि पुन्हा टाकत बसलो, आणि जे धड चालत होतं तेही बिघडवून ठेवलं. त्याआधी दोन मिनिटांचं एक काम करायला हवं होतं.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

पायरी १. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुन्या कर्नलची नोंद असते, ती निवडा. वायफाय परत आलं तर कार्ड धडधाकट आहे, घोळ नव्या कर्नलच्या बाजूला आहे. शिवाय इंटरनेट हाती आलं, म्हणजे पुढची दुरुस्ती इथूनच करता येते. जुन्यातही आलं नाही, तर 'आरएफकिल लिस्ट' देऊन वायरलेस चुकून बंद तर नाही ना ते बघा. आणि काम होईपर्यंत जुना कर्नल काढू नका. 'ऑटोरिमूव्ह'ची, म्हणजे बिनकामाची पॅकेजं काढणाऱ्या आज्ञेची, घाई इथे नडते.

पायरी २. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दोन्ही कर्नलमध्ये चालवा. प्रत्येक उपकरणाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दिसते. माझ्याकडे जुन्या कर्नलमध्ये वायफाय कार्डाखाली ती होती, नव्यात नव्हती. नव्यातही ती ओळ असेल आणि तरी उपकरण चालत नसेल, तर थेट पायरी ५ वर जा.

पायरी ३. बहुतेक वेळा गाडं इथेच अडतं. ड्रायव्हरची मॉड्यूलं (कर्नलला जोडले जाणारे तुकडे) 'लिब' फोल्डरातल्या 'मॉड्यूल्स'मध्ये असतात आणि तिथे प्रत्येक कर्नलचा कप्पा वेगळा. कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर नव्या कप्प्यात आपोआप येतात. बाहेरून टाकलेले, म्हणजे एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर, ब्रॉडकॉमच्या काही वायफाय कार्डांचा 'डब्ल्यूएल' किंवा व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूलं, नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावी लागतात. हे काम डीकेएमएस नावाचं साधन करतं, पण त्याला त्याच कर्नलच्या हेडर फाइल्स (मॉड्यूल तयार करताना वापरायच्या कर्नलच्या फाइल्स) लागतात.

'डीकेएमएस स्टेटस' द्या. नव्या कर्नलच्या आवृत्तीपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल, तर उबंटूवर 'लिनक्स-हेडर्स'ला नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती जोडून ते पॅकेज टाका. फेडोरावर त्याचं नाव 'कर्नल-डेव्हेल'. मग 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के' आणि पुढे तीच आवृत्ती. ती द्यायला विसरलात तर डीकेएमएस चालू असलेला, म्हणजे जुनाच कर्नल धरतं आणि सगळं ठीक असल्यासारखं दाखवतं. माझा दुसरा तास तिथे गेला.

हेडर असूनही मॉड्यूल तयार होत नसेल, तर डीकेएमएसच्या 'मेक डॉट लॉग'मध्ये पहिली एरर शोधा. शेवटची नव्हे, शेवटच्या ओळी हा पहिल्या चुकीचाच परिणाम असतो. बऱ्याचदा ड्रायव्हर जुना असतो आणि नव्या कर्नलमधले बदल त्याला झेपत नाहीत. तेव्हा ड्रायव्हरची नवी आवृत्तीच हवी.

पायरी ४. मॉड्यूल तयार आहे पण नव्या कर्नलमध्ये 'मॉडप्रोब' (मॉड्यूल चालू करायची आज्ञा) केल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं येतं? मग सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय, आडवं आलंय. मॉड्यूलवर ज्या कीची सही आहे ती 'मॉकयुटिल' वापरून नोंदवा. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल मॉक' निवडून की नोंदवताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा. हा पडदा दहाच सेकंद थांबतो, तेव्हा चहा नंतर.

पायरी ५. 'सुडो डीएमईएसजी'मध्ये 'फर्मवेअर' (उपकरणाला स्वतःला लागणारा प्रोग्राम) हा शब्द शोधा. फाइल लोड झाली नाही आणि पुढे 'एरर -२' असेल, तर ती फाइल डिस्कवर नाही. 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज अद्ययावत केलं की बहुधा भागतं.

एवढं करूनही जमलं नाही तर ग्रबमध्ये जुना कर्नल डीफॉल्ट ठेवा आणि पुढच्या कर्नल अपडेटनंतर पुन्हा बघा. मात्र तोवर कर्नलच्या सुरक्षा-दुरुस्त्या तुम्हाला मिळत नाहीत, म्हणून ही सोय काही आठवड्यांपुरतीच.