खोडव्याच्या सरीतच ह्यूमस कसा तयार करावा

ऊस तुटला की रात्री शिवारात पाचटाचे (उसाच्या वाळक्या पानांचे) जाळ दिसू लागतात. आणि महिन्याभराने त्याच रानासाठी ह्यूमिक ॲसिडची बाटली विकत आणली जाते. मला हे बघवत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, आणि ह्यूमस, म्हणजे मातीतला काळा, कुजून मुरलेला सेंद्रिय भाग, बनतो तो अशाच काडीकचऱ्यातून.

चुनखडीच्या काळ्या रानात त्याची गरज जास्त. तिथे स्फुरद (फॉस्फरस) चुन्यात अडकतं, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. ह्युमसमधली ह्यूमिक आणि फुल्विक आम्लं लोह-जस्त मुळांना घेता येईल अशा रूपात धरून ठेवतात आणि माती रवाळ करतात.

खत टाकण्याआधी माती तपासून घ्या. सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर जमीन भुकेली आहे.

तोड झाली की पाचट सरीत ओढा आणि बुडखे मोकळे करा. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, म्हणजे फुटवा जमिनीखालून जोमदार येतो. मग दर टन पाचटावर ८ किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टनाला १ किलो लागतं. ते शेणखतात मिसळून टाका. युरिया वाचवू नका. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) तुटपुंजं असतं. नत्र वरून दिलं नाही तर जिवाणू ते मातीतून ओढतात आणि खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडतो. लगेच पाणी द्या. वाफसा आला (माती ओलसर, पण चिखल नाही) की पाचट पायाने दाबून मातीला टेकवा, कारण अधांतरी राहिलेलं पाचट कुजत नाही. तीन-चार महिन्यांत ते काळंभोर, भुसभुशीत होतं.

पाचट असताना खत फोकून देऊ नका. पहारीने द्या: बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांत एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला.

एवढं करून विकतचं पोटॅशियम ह्युमेट (ह्यूमिक ॲसिडचं पाण्यात विरघळणारं रूप) द्यायचं असेल तर खुशाल द्या, लेबलवरच्या मात्रेत. ते बहुधा लिग्नाइट (तपकिरी कोळसा) किंवा लिओनार्डाइट (हवेने झिजलेला लिग्नाइट) यांपासून काढतात. ते खताच्या जोडीला आहे, खताची जागा घेत नाही.

ठिबकमधून सोडण्याआधी चमचाभर ह्युमेट काचेच्या बाटलीत पाण्यात विरघळवा. तळाशी गाळ राहिला तर गाळूनच टाकीत घाला. मग त्याच बाटलीत लिंबू पिळत राहा. काळ्या गुठळ्या होऊन खाली बसतील, कारण ह्यूमिक आम्ल आम्लात विरघळत नाही. फॉस्फरिक ॲसिड किंवा कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत घातलं तर अशाच गुठळ्या होऊन ड्रिपर तुंबतात. त्यामुळे ह्युमेट वेगळ्या दिवशी सोडा आणि नंतर नळ्या साध्या पाण्याने धुऊन काढा.