ओट्याचा दगड ठरवण्याआधी लिंबाचा थेंब

दुकानात सगळेच दगड चकचकीत दिसतात; ओट्यावर बसवल्यावर डाग पडू लागले की कळतं, दगड भलताच निघाला. म्हणून जी स्लॅब पसंत पडेल तिचाच एक पॉलिश केलेला तुकडा मागून घरी आणा. दुकानातला नमुन्याचा तुकडा चालणार नाही, कारण नाव तेच असलं तरी दगड वेगळा असू शकतो.

१. तुकड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका, १५ मिनिटांनी पुसा आणि तुकडा उजेडात तिरपा धरा. थेंबाच्या जागी चमक जाऊन मंद गोल उमटला असेल, तर तो संगमरवर किंवा त्याच्या जातीचा दगड. 'क्वार्टझाइट' (संगमरवरासारखा दिसणारा, पण त्याहून कठीण दगड) म्हणून दाखवलेले संगमरवरी दगडही इथेच उघडे पडतात. खऱ्या क्वार्टझाइटला किंवा ग्रॅनाइटला लिंबाने सहसा काही होत नाही.

२. शेजारी पाण्याचा आणि तेलाचा एकेक थेंब तेवढाच वेळ ठेवा. खालचा दगड गडद झाला तर तो शोषून घेतो, सीलर (दगडात डाग मुरणं कमी करणारा द्रव) लावावाच लागेल.

३. दगड काळाकुट्ट असेल तर पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. फडकं काळं झालं? मग तो रंगवलेला आहे, सरळ सोडून द्या.

एक लक्षात ठेवा: सीलरने तेल-हळदीचे डाग मुरायला वेळ लागतो, पण लिंबू-व्हिनेगरने संगमरवराची उडणारी चमक सीलर वाचवत नाही. दुकानदार काहीही सांगो.