बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजनाचा काटा थांबला? उतावीळपणाच्या या चुका टाळा

माझ्या वहीत स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरच्या (वजन कमी करण्यासाठी जठराचा बराच भाग काढून टाकतात ती) १९व्या दिवसासमोर १०१.२ किलो हा आकडा लिहिलेला आहे, आणि पुढचे पंधरा दिवस तो १०१.० ते १०१.६ यांच्यामध्ये नुसता घुटमळलेला दिसतो. सुरुवात ११० किलोंपासून झाली होती. पहिल्या अडीच आठवड्यांत जवळजवळ नऊ किलो उतरले आणि मग काटा जागचा हलेना. त्याच सुमारास शेजारच्या ताईंनी जिन्यात गाठून विचारले, "काहो वहिनी, एवढं ऑपरेशन करूनही वजन कमी नाही होऊन राहिलं का?" त्या संध्याकाळी मी जेवले नाही. पुढच्या काही महिन्यांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांची सुरुवात त्या न जेवण्यापासून झाली.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येणारा हा थांबा इतका सर्रास आढळतो की शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात त्याची कल्पना द्यायलाच हवी. शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर राखून ठेवते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. पातळ आहाराच्या पहिल्या दिवसांत हा साठा संपतो, त्याच्याबरोबर पाणीही जाते आणि काटा भराभर खाली येतो. पुढे मऊ अन्न सुरू झाले की साठा थोडा भरून निघतो, पाणी परत येते, आणि आत चरबी कमी होत असली तरी बाहेर आकडा तोच राहतो. म्हणजे सुरुवातीचा वेग जितका खरा वाटला तितका तो नव्हता आणि नंतरचा थांबाही तितका खरा नसतो.

रोज वजन करणे आणि रोज निकाल लावणे

थोडा हिशेब मांडून पाहा. एखाद्या शरीराला दिवसाला १,८०० कॅलरी लागतात आणि पोटात ८०० जातात असे धरले, तर तूट १,००० कॅलरींची होते. एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे दिवसाला जेमतेम १३० ग्रॅम चरबी गेली. आपल्या घरातल्या स्टीलच्या पेल्यातले पाणीच याहून जड असते. सहा-आठ महिन्यांनंतर शरीर लहान झाल्याने त्याची गरज घटते, ते काटकसरही करू लागते, आहार मात्र थोडा वाढलेला असतो. अशा वेळी तूट ४०० कॅलरींवर आली तर महिन्याला दीड किलो उतरणे हीच योग्य चाल असते. दिवसाचे हे पन्नास ग्रॅम बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस किंवा आदल्या रात्रीचे खारट लोणचे सहज झाकून टाकते.

म्हणून आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी वजन करावे आणि त्यासोबत कंबरेचा घेर टेपने मोजून लिहावा. माझ्या त्या पंधरा दिवसांत वजन हलले नव्हते, पण कंबर तीन सेंटिमीटरने उतरली होती. वहीत तो रकाना मी उशिरा आखला, याची आजही चुटपुट लागते. वजन आणि घेर दोन्ही चार आठवडे जागचे हलले नाहीत, तरच त्याला थांबा म्हणावे आणि कारण शोधायला लागावे.

नागपूरकरांसाठी यात आणखी एक फसवणूक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दुपारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन आले की काट्यावर एक किलो कमी दिसते आणि माणूस हरखून जातो. तो घाम असतो. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नसल्याने आणि एका वेळी घोटभरच उतरत असल्याने दीड-दोन लिटरचे उद्दिष्ट दिवसभर बाटली जवळ ठेवूनच गाठावे लागते. उन्हाळ्यात या बाबतीत हयगय झाली तर चक्कर, मुतखडा आणि प्रसंगी सलाइनपर्यंत वेळ येते.

दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावणे

याचा मोह सर्वांनाच होतो आणि त्यातून हाती काही लागत नाही. जठराचा बायपास (लहान केलेले पोट थेट पुढच्या आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया) झालेल्याची गती वेगळी, स्लीव्ह झालेल्याची वेगळी. वय, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, सुरुवातीचे वजन, स्त्री की पुरुष, या सगळ्यांनी फरक पडतो. शिवाय उतरलेल्या वजनाची टक्केवारी कशी काढली हेही पाहावे लागते. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११० किलो असलेल्या व्यक्तीचे २८ किलो उतरले असे समजा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २५ हे आदर्श मानले तर तिचे जास्तीचे वजन ४६ किलो ठरते आणि त्यातले ६१ टक्के उतरले असे म्हणता येते. आशियाई लोकांसाठीचा २३ हा निकष धरला तर जास्तीचे वजन ५१ किलो होते आणि तेच २८ किलो ५५ टक्के ठरतात. एकूण वजनाच्या मापाने पाहिले तर ते साधारण २५ टक्के. शरीर एक, उतरलेले वजन एक, आकडे मात्र तीन. आणि या तिन्हींवरून दोन बायका एकमेकींचा हेवा करू शकतात.

बहुतेक घट पहिल्या १२ ते १८ महिन्यांत होते आणि पुढे काही प्रमाणात वजन परत येणेही अपेक्षितच असते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. वेगाचा हट्ट धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की वजन फार झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. त्यासाठीच अनेकांना पहिले सहा महिने गोळी दिली जाते.

काटा हलावा म्हणून आणखी कमी खाणे

माझ्या मते सगळ्यांत नुकसान करणारी चूक हीच आहे. मी संध्याकाळचे जेवण टाळू लागले तेव्हा खरे तर प्रथिने टाळत होते, कारण उरलेल्या दोन जेवणांत ती बसतच नव्हती. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळाली नाहीत तर शरीर चरबीसोबत स्नायूही मोडते, स्नायू घटले की बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी घटतात, आणि काटा अधिकच हट्टी होतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात थोडे केस गळणे अपेक्षित असते. माझा मात्र कंगवा भरून जाऊ लागला.

६० ग्रॅम ऐकायला सोपे वाटतात, पण आपल्या स्वयंपाकघरात ते सहज जमत नाहीत. एक वाटी पातळ वरणातून पाचेक ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमधून नऊ, दोन अंड्यांतून बारा, पेलाभर दुधातून सहा-सात, वाटीभर दह्यातून चार-पाच, आणि तीस ग्रॅम बेसनाच्या झुणक्यातून सहा. ही बेरीज चाळिशीच्या थोडी पुढे जाते, आणि एवढे सगळे त्या लहानशा पोटात बसवायचे आहे! म्हणून ताटात आधी पनीर, अंडे, मासे किंवा चिकन संपवावे, मग भाजी, आणि जागा उरली तरच पोळी-भात. शुद्ध शाकाहारी माणसाला बहुधा आहारतज्ज्ञांनी सुचवलेली प्रोटीन पावडर घ्यावी लागते. त्यात कमीपणा मानू नये.

याच्या उलट बाजूने, पोट लहान झाले तरी जे न अडता उतरते तेच वजन रोखून धरते. भाकरी-भाजीने चार घासांत पोट भरते, पण शेव, चिवडा, आइस्क्रीम, उसाचा रस हे पदार्थ तासभर थोडे थोडे जात राहतात. पोहे खाल्ले म्हणून कोणाचे बिघडत नाही; त्यावर ओतलेल्या तर्रीत, म्हणजे तिखट रश्श्यात, तरंगणारे तेल मोजायचे राहून जाते. सावजी रश्श्याचेही तेच. संत्र्याचे दिवस आले की संत्रे फोडी करून खावे, रस काढू नये.

कारण शोधताना काय तपासावे

चार आठवड्यांचा खरा थांबा आला तर आधी औषधांची यादी काढावी. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड आणि नैराश्यावरची काही औषधे वजन धरून ठेवतात. त्यांत बदल डॉक्टरांनीच करायचा असतो. थायरॉइडची गोळी घेणारे बरेच जण सकाळी तिच्यासोबतच लोह आणि कॅल्शियम घेऊन मोकळे होतात, त्यामुळे ती नीट शोषलीच जात नाही. थायरॉइडच्या गोळीनंतर लोह-कॅल्शियमसाठी चार तास आणि लोह व कॅल्शियम यांच्यात दोन तास अंतर ठेवावे, आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. ओळखीच्या कोणाला गुण आला म्हणून सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचे वजन उतरवणारे इंजेक्शन स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

वारंवार उलट्या, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा एकाचे दोन दिसणे यांचा वजनाच्या थांब्याशी संबंध नसतो. ती जीवनसत्त्व बी-१ च्या कमतरतेची लक्षणे असू शकतात आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटची चूक संकोचाची आहे. गोंदिया, चंद्रपूर, बैतूल, छिंदवाड्याहून लोक शस्त्रक्रियेसाठी नागपुरात येतात आणि वजन अडले की "काय तोंड दाखवायचं" म्हणून तपासणीची तारीखच चुकवतात. मी तर नागपुरातल्या धंतोलीच्या रुग्णालयापासून पाऊण तासावर राहून सहाव्या महिन्याची भेट टाळली होती. पुढे वही घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी वजनाच्या आकड्यांवरून नुसती नजर फिरवली, घेराचा रकाना नीट पाहिला आणि विचारले, "चार वाजताच्या चहासोबत काय घेता?" दोन बिस्किटे, कधी चार, असे मी म्हणाले. त्यांनी पान उलटून पाहिले. बिस्किटे वहीत कुठेच नव्हती.