मुंबई ते ऑकलंड: तिकीट काढण्याआधी हे वाचा

मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही. सरळ अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर. सिंगापूर जवळपास त्याच रेषेवर येतं: आधी ३,९००, मग ८,४००. म्हणजे साडेपाच तास आणि दहा तास. ऑकलंडला येताना वारा पाठीशी असतो, परत जाताना तोच अंगावर येतो, म्हणून परतीला पाऊण-एक तास जास्त धरा. दुबईमार्गे मात्र आधी उलट्या दिशेला १,९०० किलोमीटर जायचं आणि मग एका दमात १४,२००. सोळा-सतरा तास एकाच खुर्चीत. आईवडील येणार असतील तर पाच-सात हजार वाचवण्यासाठी त्यांना त्या वाटेने आणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन वेगळी तिकिटं काढू नका. आम्ही काढली होती. मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं, मध्ये तीन तास. मुंबईचं विमानच अडीच तास उशिरा सुटलं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो तेव्हा पुढच्या विमानाचं चेक-इन बंद झालेलं. पहिले म्हणाले, आमचं काम सिंगापूरपर्यंत. दुसरे म्हणाले, तुम्ही वेळेत आला नाहीत. तीन वर्षांची मुलगी ट्रॉलीवरच्या बॅगेला टेकून झोपलेली आणि आम्ही काउंटरवर उभ्या उभ्या तीन नवीन तिकिटं घेतली. लग्नापासून साठवलेले पैसे त्यात गेले. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असता तर पुढच्या विमानात बसवणं ही त्यांची जबाबदारी होती, आणि बॅगाही थेट ऑकलंडला आल्या असत्या. तिकीट स्वस्त दिसलं की आधी हे तपासा.

सिडनी किंवा मेलबर्नमार्गे येत असाल तर भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. फी नाही, पण आधी काढावा लागतो.

न्यूझीलंडला येताना भरायचा ट्रॅव्हलर डिक्लरेशन फॉर्म सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

खाण्याच्या वस्तूंबद्दल आपलेच लोक ग्रुपवर लिहितात, ‘काही होत नाही, मी आणलं होतं.’ त्यांचं ऐकू नका. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये विसरलं तरी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. मध, ताजी फळं, कढीपत्ता, पेरायचं बियाणं घरीच ठेवा. मसाले, पापड, लोणचं, लाडू जे काही असेल ते फॉर्मवर लिहा आणि विचारलं की बॅग उघडून दाखवा. खरं सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात, दंड करत नाहीत. मला इथले अधिकारी नेहमी शांतपणे बोलणारेच भेटले. चिखल लागलेले बूटही घासून आणा, तेही बघतात.

उतरल्यावर घरी फोन करताना घड्याळ बघा. सप्टेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ऑकलंड साडेसात तास पुढे असतं, एरवी साडेसहा. इथे सकाळी आठ वाजलेले असतात तेव्हा आई नुकतीच झोपलेली असते. पण पहिल्या दिवशी तरी तिला उठवा. ती फोनची वाटच बघत असते.