कुत्र्या-मांजराला पलंगावर झोपू द्यावं का? ठरवायचं कसं आणि निभवायचं कसं

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला फ्लॅट असो की नवी मुंबईत नेरूळमधलं सिडकोचं जुनं घर, आपल्याकडे खोल्या मोजक्याच. आजी-आजोबा हॉलमधल्या दिवाणावर, मुलं आत, आणि मांजर किंवा कुत्रं जिथे माणूस असेल तिथे. त्यामुळे रात्री दिवे मालवले की ते पलंगावर चढायला बघणारच.

माझं मत आधीच सांगते. जनावर निरोगी असेल, लसी आणि जंतांची औषधं वेळेवर होत असतील आणि पलंगावर झोपणाऱ्या सगळ्यांची तयारी असेल, तर त्याला वर घ्यायला हरकत नाही. पण आज लाडाने वर घ्यायचं, उद्या धुतलेली चादर घातली म्हणून हाकलायचं, हे करू नये. त्या मुक्या जिवाला चादर कळत नाही. त्याला एवढंच कळतं की काल चाललं आणि आज ओरडा बसला.

आधी पलंगावर कोण झोपतं ते बघा

वर्षाच्या आतलं बाळ झोपतं त्या पलंगावर किंवा पाळण्यात कुत्रं-मांजर नको. मांजर उबेसाठी बाळाला चिकटून बसतं, त्यातून श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळ एकटं झोपलेलं असेल तेव्हा खोलीचं दार लावून घ्या.

दमा किंवा मांजराची ॲलर्जी असलेल्यांनी झोपायची खोली पूर्ण मोकळी ठेवावी. ॲलर्जी प्रत्यक्षात केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या प्रथिनांमुळे ती होते, आणि ही प्रथिनं गादी-उशीत महिनोन्महिने राहतात. म्हणून "दिवसा झोपू दे, रात्री काढू" हा तोडगा चालत नाही.

केमोथेरपी चालू असलेले किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणारे यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जनावर अंथरुणात घेऊ नये. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात उपचारांसाठी आलेले रुग्ण आसपास नातेवाइकांकडे उतरतात. असा पाहुणा येणार असेल तर त्याची खोली आणि अंथरूण आधीच वेगळं करा. साधा ओरखडा किंवा चाटणंही त्यांना त्रासदायक ठरू शकतं.

आता गर्भवतीबद्दल. दिवस गेल्याचं कळलं की "मांजर सोडून या कुठेतरी" असं घरातली मोठी माणसं काळजीपोटी म्हणतात. त्यांची भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते आणि ती निराधार नाही. मात्र तो मांजराच्या विष्ठेतून येतो, त्याच्या मऊ अंगातून नाही. शिवाय विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजराचा वाळूचा ट्रे रोज आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, त्याला बाहेर शिकारीला सोडायचं नाही. आपणही भाज्या नीट धुवून आणि मांस पूर्ण शिजवून खायचं. एवढं पाळलं तर घरातच राहणाऱ्या मांजराला रस्त्यावर आणायचं काहीच कारण नाही. कृपा करून आणू नका.

मग एकदा व्हेटकडे

रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लसही विचारून घ्या, कारण आपल्या पावसात साचलेल्या पाण्यातून चालणं टळत नाही. जंतांचं औषध मोठ्या जनावराला सहसा दर तीन महिन्यांनी देतात. पिल्लांचं वेळापत्रक वेगळं असतं. मांजराच्या पिल्लाच्या कानाजवळ किंवा पंजावर गोल टक्कल दिसलं तर तो बहुधा नायटा असतो. तो माणसालाही होतो, त्यामुळे बरा होईपर्यंत पलंग बंद.

पिसवा आहेत का, हे घरीच तपासता येतं. बारीक दातांच्या फणीने पाठ विंचरा आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. डाग तांबूस पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. गोचीड बोटांच्या फटींत, कानांच्या आत आणि पट्ट्याखाली शोधा. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. नखांनी चिरडू नका, काडीने जाळू नका. कुत्र्याची गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत आणि बॉक्स बेडच्या फळ्यांच्या सांध्यांत अंडी घालते, म्हणून कुत्र्याबरोबर पलंगाचाही बंदोबस्त लागतो.

आणि हे लक्षात ठेवाच: कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजरासाठी जीवघेणं आहे. दोघं एकाच पलंगावर झोपत असतील, तर कुत्र्यासाठी कोणतं औषध चालेल तेही विचारून घ्या.

खालची जागा आधी शिकवा

पलंगावर घ्यायचं ठरलं असलं तरी हे आधी करा. पाहुणे येतात, कुणी आजारी पडतं, जनावरावर शस्त्रक्रिया होते. अशा वेळी त्याला खाली झोपता आलं पाहिजे.

तुमच्या पलंगाला लागून, पंख्याचा वारा लागेल अशा ठिकाणी जुनी गोधडी किंवा गादी टाका. वर तुमचा वापरलेला टी-शर्ट ठेवा. सुरुवात दिवसा करा. "जागेवर" म्हणा, पाय टेकताच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. एकदोन दिवसांनी ते तिथे बसल्यावरच द्या, मग आडवं झाल्यावर. तिथून उठवून कधी रागावू नका आणि शिक्षा म्हणून तिथे कधी पाठवू नका.

रात्री पिल्लू कुंईकुंई करतं तेव्हा हात खाली सोडून त्याला स्पर्श करा, उचलून वर घेऊ नका. मात्र दोन-तीन महिन्यांचं पिल्लू रात्रभर शू धरू शकत नाही. ते झोपेतून उठून अस्वस्थ फिरायला लागलं तर उचलून बाथरूममधल्या कागदावर ठेवा, झालं की शाबासकी द्या आणि गुपचूप परत जागेवर. लसी पूर्ण होईपर्यंत त्यासाठी सोसायटीच्या आवारात नेऊ नका, पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाचा धोका असतो.

बऱ्याच घरांनी इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० निरोगी प्रौढ आणि त्यांच्या कुत्र्यांची झोप ७ रात्री मोजली गेली. कुत्रं खोलीत असल्याने माणसांची झोप फारशी बिघडली नाही, ते पलंगावर असताना मात्र थोडी जास्त तुटली. जवळ असण्याचा दिलासा दोघांनाही खालच्या गादीवरून मिळतो.

पलंगावर घ्यायचं तर

न विचारता चढायचं नाही, "वर" म्हटलं की यायचं, "खाली" म्हटलं की उतरायचं. हे शब्द घरातल्या सगळ्यांनी सारखेच वापरायचे. आजोबा "ये ये" आणि आई "चल हट" म्हणत राहिली तर काहीच शिकवता येणार नाही. जागा पायथ्याशी द्या, उशीजवळ नको.

पावसाळ्याचा नेम वेगळा. उपवनला किंवा पाम बीच रोडला फिरून आल्यावर दारातच कोमट पाण्याने पंजे धुवा आणि बोटांच्या फटी कोरड्या करा. पोट टॉवेलने पुसा, मग पंख्याखाली बसवा. अंग आतून ओलं असेपर्यंत पलंग नाही, ओल राहिली की कातडीला बुरशी धरते. पाण्यात अँटिसेप्टिक टाकू नका. मांजर असलेल्या घरात लादी पुसायला फिनाईलही नको, ते पंजे चाटतं आणि फिनॉल त्याला बाधतं.

जुलैत चादरी वाळत नाहीत. म्हणून जनावराच्या जागेवर एक पातळ सुती चादर वेगळी टाका. ती पंख्याखाली रात्रीत वाळते, आणि एरवी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुता येते. केस गोळा करायला ओला रबरी हातमोजा फिरवा.

डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्याला उड्या मारू देऊ नका, मणक्याची चकती सरकते. पलंगाला पायरी लावा आणि गुळगुळीत लादीवर रबरी मॅट.

मांजराची पहाट

मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतं. चार वाजता पायाची बोटं पकडणं हा त्याचा स्वभाव आहे, खोडी नाही. झोपण्याआधी दोरी किंवा पिसाने त्याला दमेपर्यंत खेळवा आणि लगेच दिवसाचं शेवटचं जेवण द्या. शिकार, खाणं, झोप हा त्याचा क्रम आहे. पहाटे उठवलं तर वाटी भरायला उठू नका, एकदा भरली की ते रोज उठवणार. आणि पलंगाशेजारच्या खिडकीला जाळी लावलेलीच हवी. मांजरं वरच्या मजल्यांवरून पडतात.

खेळताना ओरखडा किंवा चावा बसून रक्त आलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, घरचंच जनावर असलं तरी.

कधी थांबायचं

पलंगावर कुणी शेजारी आलं की कुत्रं गुरगुरत असेल, तर त्याला मारू किंवा ओढू नका. खाली तुकडा टाकून उतरवा, काही आठवडे फक्त खालची जागा द्या, आणि तरी चालूच राहिलं तर प्रशिक्षित माणसाची मदत घ्या. आधी कधी न करणारं जनावर अचानक गादीवर शू करायला लागलं, तर तो हट्ट नसून बहुधा मूत्रमार्गाचा आजार असतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून जोर करतो पण शू होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच व्हेट गाठा.