पिकांतल्या खुणांवरून गाडली गेलेली प्राचीन स्थळे कशी ओळखावीत

प्राचीन वस्तीभोवतीचा चर काळाच्या ओघात बुजतो, वरून नांगर फिरतो आणि जमीन सपाट होते. शेतातून चालत गेलात तरी पायाखाली काही आहे याचा पत्ता लागत नाही. पण खालच्या कठीण थरात खणलेली ती जागा मऊ मातीने भरलेली असते आणि तिथे ओल टिकून राहते. पाऊस लांबला, पिकाला पाण्याचा ताण बसला, की चरावरची रोपे उंच आणि हिरवी राहतात, आजूबाजूचे पीक मात्र आधी पिवळे पडते. गाडलेल्या भिंतीवर किंवा खडीच्या रस्त्यावर नेमके उलटे घडते. तिथे माती उथळ आणि मुळांना वाव नसतो, म्हणून पीक खुरटते आणि लवकर वाळते. वरून हा फरक रेघा, वर्तुळे आणि ठिपक्यांच्या रूपात दिसतो. यालाच पीकखुणा म्हणतात.

सुरुवात तारखेपासून करा. हवाई किंवा उपग्रह छायाचित्र कितीही स्वच्छ असले, तरी ते ओल्या वसंतातले असेल तर त्यात बहुधा काही दिसणार नाही. गूगल अर्थमध्ये जुनी छायाचित्रे पाहण्याची सोय आहे. तिथे कोरड्या वर्षांतली, पीक कापणीला येण्याच्या सुमाराची चित्रे निवडा. वायव्य युरोपासाठी हा काळ साधारण जून-जुलै. 2018 च्या कडक उन्हाळ्यात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा खुणा मोठ्या प्रमाणावर उमटल्या. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या प्राचीन दगडी थडग्याजवळचे एक भलेमोठे वर्तुळ त्या जुलैत ड्रोनमधून पहिल्यांदा नजरेत आले.

मग जमीन आणि पीक बघा. वाळू-गोट्यांची किंवा चुनखडीची, पाण्याचा झटकन निचरा होणारी जमीन सर्वांत बोलकी असते. चिकणमाती ओल धरून ठेवते, त्यामुळे खूण उमटायला फार कडक दुष्काळ लागतो. पिकांमध्ये बार्ली आणि गहू उत्तम, बटाट्यासारख्या पिकात क्वचितच काही दिसते. गवतातही खुणा उमटतात. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाच्या एका भागापर्यंत गवताला पाणी देणारी नळी पोहोचली नाही आणि तिथले गवत करपले. करपलेले चट्टे नेमके त्या जागी होते जिथे एकेकाळी आज नसलेले दगड उभे असावेत.

आता आकार. चित्र मोठे करून मोजपट्टीने मोजा, नुसत्या नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. दहा ते तीस मीटर व्यासाचे नीटस हिरवे वर्तुळ बहुधा नांगरून सपाट झालेल्या दफन-टेकाडाभोवतीच्या चराचे असते. त्याहून लहान आणि एका बाजूला दाराइतकी फट असलेले वर्तुळ गोल घराचे असू शकते. सरळ बाजू आणि गोलसर कोपरे, म्हणजे पत्त्याच्या पानासारखा आकार, दिसला तर रोमन लष्करी छावणीचा विचार करा. फिकट रेघांची काटकोनातली जाळी म्हणजे दगडी पाये किंवा रस्ते. इटलीत व्हेनिसजवळच्या अल्तिनुम या रोमन शहराचे रस्ते, भिंती, नाट्यगृहे आणि कालवा 2007 च्या दुष्काळात मका-सोयाबीनच्या शेतांवर असेच उमटले. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत घेतलेल्या छायाचित्रांमुळे तो नकाशा जास्त स्पष्ट झाला.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण घाईत ती गाळतात: ही खूण दुसऱ्या कशाची नाही ना, हे तपासणे. समान अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या समांतर जोडरेघा ट्रॅक्टरच्या चाकांच्या असतात. माशाच्या काट्यासारखे फाटे दिसले तर ती निचऱ्याच्या नळ्यांची रचना. शेताला समांतर जाणारी एकच रेघ मोडलेल्या बांधाची असू शकते, तेव्हा जुना नकाशा शेजारी उघडून बघा. रुंद, वळणावळणाचे, कडा पुसट असलेले पट्टे म्हणजे आटलेला ओढा. बहुकोनांची जाळी हिमयुगातल्या गोठलेल्या जमिनीच्या भेगांचीही असते. दुसऱ्या महायुद्धातल्या तोफांच्या जागाही वर्तुळे सोडतात. पुरातन चराला मात्र आजच्या बांधाशी देणेघेणे नसते. तो बांधाखालून सरळ पलीकडच्या शेतात जातो. पलीकडे वेगळे पीक असेल तर तो बांधाशी तुटल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या शेतात पुन्हा सुरू होतो. अशी तुटक रेघ मला अखंड रेघेपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते, कारण खूण जमिनीच्या खालून येते हे तिच्यातून दिसते.

एका चित्रावर थांबू नका. स्टोनहेंजजवळ 1925 च्या डिसेंबरमध्ये वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल याला एका वर्तुळात चुनखडीचे पांढरे डाग दिसले. ते सपाट झालेले दफन-टेकाड असावे, असाच तोवर समज होता. त्याने गहू वाढण्याची वाट पाहिली. पुढच्या जुलैतल्या छायाचित्रात ठिपक्यांची एकात एक वर्तुळे उमटली होती. पुरातत्त्वज्ञ मॉड कनिंग्टन यांच्या उत्खननात ते ठिपके लाकडी खांबांचे खड्डे ठरले, आणि ते स्थळ आज वुडहेंज म्हणून ओळखले जाते. तेव्हा तीच जागा निदान तीन-चार वेगवेगळ्या वर्षांत पाहा. कुठल्याच वर्षी काही दिसले नाही, तरी तिथे काही नाही असे लिहू नका. खूण उमटायला पीक, पाऊस आणि माती तिन्ही जुळून यावी लागतात.

खात्री वाटली की अक्षांश-रेखांश, छायाचित्राची तारीख, पीक आणि मोजमापे टिपून ठेवा. मग प्रादेशिक पुरातत्त्व नोंदीत ती जागा आधीच आहे का ते पाहा. नसेल तर तुमची टिपणे तिथल्या पुरातत्त्व विभागाकडे द्या. नेमके ठिकाण जाहीरपणे टाकू नका. धातुशोधक यंत्रे घेऊन रात्री शेतात शिरणारे लोक अशा माहितीचीच वाट पाहत असतात, आणि एकदा उकरलेला थर परत जोडता येत नाही. स्वतः खणायचे तर मुळीच नाही. शेत बघायला जावेसे वाटले तर आधी मालकाची परवानगी घ्या, आणि पीक उभे असेल तर बांधावरूनच बघा.