बाळाचा डॉक्टर बाळाच्या आधी: गोव्यातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

सातवा महिना लागला की घरात लगबग सुरू होते. जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवली जातात, आळीव-डिंक मागवला जातो, ओटी भरायचा दिवस ठरतो, बाळंतपण माहेरी की सासरी यावर दोन्ही घरांची बोलणी होतात. प्रसूतीचा डॉक्टर तर सुरुवातीपासूनच ठरलेला असतो. या सगळ्यात बाळाचा डॉक्टर कोण, हे मात्र बहुतेक घरांत कोणी विचारतच नाही. विचारलंच तर "आधी सुखरूप सुटका होऊ दे, मग बघू" असं उत्तर येतं. काही वडीलधाऱ्यांना तर ते अपशकुनासारखं वाटतं. मूल जन्माला यायच्या आधीच त्याच्या आजारपणाची तयारी कशाला?

ही आजारपणाची तयारी नव्हेच. पहिल्या दहा दिवसांत ठणठणीत बाळालाही डॉक्टरांनी बघावं लागतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आईचे टाके ओले असतात, झोप उडालेली असते, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्या धांदलीत मोबाईलवर 'जवळचा बालरोगतज्ज्ञ' शोधून सापडतो तो पहिला नंबर, चांगला डॉक्टर सापडेलच असं नाही. म्हणून हे काम सातव्या-आठव्या महिन्यात उरकायचं. नववा गाठू नका, कारण सदतीस आठवडे भरायच्या आधी जन्मणारी बाळंही कमी नसतात.

प्रसूतिगृहातला डॉक्टर तोच आपला, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

खासगी प्रसूतिगृहात बालरोगतज्ज्ञ बहुतेकदा बाहेरून बोलावलेले असतात. सिझेरियन असेल, पोटातल्या बाळाचे ठोके कमी होत असतील, दिवस पुरे भरले नसतील, तर त्यांना आधी फोन जातो. साध्या प्रसूतीत ते काही तासांनी येऊन बाळ तपासून जातात. हे डॉक्टर उत्तमही असतील. पण त्यांचं क्लिनिक तुमच्या गावापासून किती लांब, घरी गेल्यावर त्यांना फोन केला तर चालतो का, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात नाव घातलं असेल तर ड्युटीवरचे डॉक्टर बाळ बघतात. तिथे निवडीचा प्रश्न येत नाही आणि त्यात काही वाईटही नाही. प्रश्न आहे तो घरी आल्यानंतरचा.

दिवस मोजून बघा. साध्या प्रसूतीनंतर साधारण दोन दिवसांनी घरी सोडतात, सिझेरियननंतर तीन ते पाच दिवसांनी. बाळाची कावीळ चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत. आईला दूध भरून येतं तेही त्याच सुमारास, आणि बाळ नीट ओढतं की नाही हे तेव्हाच कळू लागतं. म्हणजे जाणत्या माणसाने बाळाकडे बघायला हवं त्याच दिवसांत बाळ प्रसूतिगृहाच्या हातून सुटलेलं असतं आणि दुसऱ्या कोणाच्या हाती लागलेलं नसतं. कार्डावर सहा आठवड्यांनी लस एवढंच लिहिलेलं असतं आणि घरचे तीच पहिली भेट समजतात.

तेव्हा प्रसूतिगृहात आधीच दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. जन्माच्या वेळी बाळासाठी कोण असेल, आणि गरज पडली तर ते किती मिनिटांत पोचतात? घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत बाळ कोणाला दाखवायचं? दोन्हींचं उत्तर एकच नाव असेल तर छानच. नसेल तर दुसरं नाव तुम्ही शोधायचं.

नाव ऐकून ठरवणं, रस्ता न बघता

"अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे" हे वाक्य गोव्यात फार चालतं. गुण असेलही. पण वाळपईच्या पलीकडे राहणाऱ्या बाळंतिणीने पणजीचा डॉक्टर धरला तर पावसाळ्यात रात्री काय करायचं? काणकोणच्या माणसाला मडगाव गाठायचं तर करमल घाट आहे. दिवाडीच्या लोकांना फेरीबोटीची वेळ बघावी लागते. म्हापशात शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला फोंड्याहून बांबोळीला जाणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवलेलाच बरा. हे सगळं आपल्याला रोज माहीत असतं, डॉक्टर निवडताना मात्र आठवत नाही.

माझं मत असं: रोजच्यासाठी जवळचा, नेमाने बसणारा, फोन उचलणारा डॉक्टर निवडावा. नावाजलेल्या तज्ज्ञाची गरज लागली तर तोच डॉक्टर चिठ्ठी देऊन पाठवील. शिवाय आपल्याकडे दुपारी एक ते चार बहुतेक क्लिनिकं बंद असतात, रविवारचं तर विचारूच नका. म्हणून ठरवण्याआधी भरदुपारी एकदा क्लिनिकच्या नंबरावर फोन लावा. कोणी उचलतं का, उचललं तर "चारनंतर या" एवढंच सांगतं की बाळ किती दिवसांचं, काय होतंय असं विचारतं, यावरून पुष्कळ कळतं. तारीख चवथीच्या आसपासची असेल तर त्या आठवड्यात डॉक्टर गावात आहेत का, नसले तर त्यांच्या जागी कोण, हेही आजच विचारून ठेवा.

माहेर-सासरचा हिशेब न करणं

पहिलं बाळंतपण माहेरी, मग ते सावंतवाडीला असो की बेळगावला. दीड-दोन महिन्यांनी बाळ गोव्यात येतं आणि इथल्या डॉक्टरांपुढे कोरी पाटी. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, वजन किती होतं, कावीळ किती चढली, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मिळालं का, कोणाला काही आठवत नाही. यावर उपाय सोपा आहे. दोन्हीकडचे डॉक्टर आधी ठरवा आणि कागद एकाच फाईलमध्ये ठेवा: डिस्चार्ज कार्ड, आईचा आणि बाळाचा रक्तगट, माता-बाल संरक्षण कार्ड. आई आरएच निगेटिव्ह असेल किंवा तिचा रक्तगट ओ असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कारण अशा वेळी कावीळ लवकर आणि जास्त चढू शकते. लशींची नोंद यू-विन या सरकारी लसनोंदणी पोर्टलवर झाली असेल तर दुसऱ्या राज्यातही ती बघता येते.

पाटीवरची अक्षरं न वाचणं

एमडी किंवा डीएनबीपुढे 'पीडियाट्रिक्स' लिहिलेलं असेल, किंवा डीसीएच असेल, तर तो बालरोगाचा रीतसर शिकलेला डॉक्टर. नुसतं एमडी दुसऱ्या विषयातलंही असू शकतं. गोवा मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी विचारण्यात संकोच कसला. घरातल्या सगळ्यांना बघणारे गावचे डॉक्टर मायेचे असतात, खोकला-तापात त्यांचा आधारही असतो. पण आठवड्याभराच्या बाळासाठी बालरोगतज्ज्ञच हवा.

भेटायला जाऊनही काही न विचारणं

जन्माआधीच्या भेटीत बरीच जोडपी फी विचारतात, वेळ विचारतात आणि परत येतात. खरं तर ही भेट डॉक्टर कसं बोलतात हे बघण्यासाठी असते. बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्यायचं का? सिझेरियन झालं तर काय? दूध कमी वाटलं तर तुम्ही काय सांगाल? या शेवटच्या प्रश्नावर "डबा सुरू करा" असं झटकन उत्तर आलं तर मी दुसरा डॉक्टर बघेन. भिंतीवर किंवा टेबलावर डब्याच्या दुधाची जाहिरात असेल तर तोही इशाराच, कारण १९९२च्या कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे. डब्याचं दूध काही बाळांना खरंच लागतं. पण चांगले डॉक्टर आधी बाळ पाजताना बघतात, मग ठरवतात.

बघणं म्हणजे काय ते माझ्या भाचीच्या बाळाच्या वेळी मी जवळून पाहिलं. पाचव्या दिवशी बाळाला घेऊन फोंड्याच्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. डॉक्टरबाईंनी बाळाचे कपडे, लंगोटसुद्धा, काढायला लावले आणि उघडं बाळ वजनकाट्यावर ठेवलं. जन्मताना २ किलो ९००, त्या दिवशी २ किलो ७००. मग खिडकीपाशी उजेडात नेऊन कपाळावर, छातीवर, मांडीवर, तळपायावर बोट दाबून उचललं आणि खाली त्वचेचा रंग बघितला. हिरड्या बघितल्या. दिवसात किती लंगोट ओले होतात, शी अजून काळी आहे की पिवळी झाली, हे आजीला नाही, आईला विचारलं. शेवटी म्हणाल्या, "आता पाजा बघू," आणि पाच मिनिटं गप्प बसून राहिल्या. बाळ नुसतं बोंडाशी चाळा करत होतं, तोंड पुरतं उघडत नव्हतं. त्यांनी बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवून धरायला लावलं, हनुवटी छातीत रुतेपर्यंत जवळ ओढायला सांगितलं, आणि गिळण्याचा आवाज खोलीत ऐकू येऊ लागला. औषध काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा वजनाला बोलावलं.

जन्माच्या वजनात सात टक्क्यांपर्यंत, क्वचित दहापर्यंत घट चालते, आणि दोन आठवड्यांच्या आत बाळ ते वजन परत गाठतं. बाळाला अंगावरच्या कपड्यांतच तोलणाऱ्या डॉक्टरांना ही घट कळणार कशी?

जन्माआधीच्या भेटीतच दोन तपासण्यांचं विचारून ठेवा. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी थायरॉईडची तपासणी, आणि कानांची तपासणी. थायरॉईडचा दोष बाळाच्या चेहऱ्यावर दिसत नाही, पण उपचार उशिरा सुरू झाले तर मेंदूची वाढ खुंटते. कानांची तपासणी महिन्याच्या आत झालेली चांगली. तुमच्या इस्पितळात या होतात का, नसतील तर कुठे करायच्या, हे डॉक्टरांना माहीत असतं.

लशी आणि पैसे

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पुढच्या. सरकारी वेळापत्रकातल्या लशी, त्यात न्यूमोनियाची आणि रोटाव्हायरसचीही आली, आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. फ्लू, टायफॉईड, कांजिण्या अशा काही लशी खासगीत घ्याव्या लागतात. कोणती कुठे घ्यायची हे मोकळेपणाने सांगणारे डॉक्टर घराचं बजेट सांभाळतात. आणखी एक: बऱ्याच आरोग्य विम्यांत बाळाचं कव्हर ९० दिवसांनंतरच सुरू होतं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर हे तिथे कळण्यापेक्षा एजंटला आताच विचारलेलं बरं.

गडबड झालीच असेल तर

बाळ आधीच आलं आणि डॉक्टर ठरलेला नाही? प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वी, कपडे भरायच्याही आधी, तिथल्याच बालरोगतज्ज्ञांकडून दोन-तीन दिवसांनंतरची तारीख कार्डावर लिहून घ्या. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत व्हायलाच हवी. ती तारीखही घ्या.

डॉक्टर पटले नाहीत? बदला. कागद तुमच्याकडे आहेत, परवानगी कोणाची लागत नाही. मात्र दर तापाला नवा डॉक्टर असं करू नका, वजनाचा आलेख कोणाच्याच हाती राहत नाही.

आजी म्हणते कोवळ्या उन्हात धरा, डॉक्टर म्हणतात रक्त तपासा? रक्त तपासा. चढलेली कावीळ उन्हाने उतरत नाही, त्यासाठी निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. पण आजीला क्लिनिकमध्ये सोबत न्या आणि डॉक्टरांनाच तिच्याशी बोलू द्या. पाळणा तिच्याच हाती असतो, तिला पटलं तरच घरात पाळलं जातं. घुटी, मध, काजळ यांचं काय, हेही तिच्यासमोरच विचारा. सहा महिने फक्त आईचं दूध आणि वर्षभर मध नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की सून-सासूचा वाद उरत नाही.

कावीळ बघायला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका. ट्यूबलाइटखाली पिवळं बाळ गोरं दिसतं आणि गोरं पिवळं. षष्ठीला जमलेल्या पाहुण्यांच्या मतावरही सोडू नका.

आणि पुढचं काही दिसलं तर क्लिनिक उघडायची वाट बघत बसू नका. बाळ पीत नाही किंवा उठवूनही उठत नाही. पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसतंय, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळं झालंय. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं. झटके. अंग गार पडणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. थेट १०८ला फोन करा आणि बाळ किती दिवसांचं आहे ते पहिल्यांदा सांगा. वाटेत बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या म्हणजे ऊब टिकते. बाळ नीट जागं असेल आणि ओढत असेल तर पाजत राहा. तोवर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तुमच्या डॉक्टरांना फोन लावावा, म्हणजे तुम्हाला नेताहेत त्या इस्पितळात ते आधी कळवू शकतील.